संकेतस्थळावरील त्रयस्थ स्क्रिप्टची अविश्वसनीयता : स्वरूप आणि उपाययोजना

प्रस्तावना

एखादे वेब पृष्ठ एकाच सर्व्हरवरून येते, अशी सर्वसामान्य वाचकाची समजूत असते. प्रत्यक्षात पृष्ठाचा मजकूर तेवढा संस्थेच्या सर्व्हरवरून येतो. अभ्यागतांची मोजणी, नकाशा, जाहिरात, प्रश्नोत्तरांची खिडकी, समाजमाध्यमांची बटणे हे भाग निरनिराळ्या कंपन्यांच्या सर्व्हरवरून येऊन वाचकाच्या ब्राउझरमध्ये एकत्र होतात. यांतील बहुतेक भाग जावास्क्रिप्ट भाषेतील स्क्रिप्टच्या रूपाने येतात. पृष्ठाचा मालक एक, वाचक दुसरा आणि स्क्रिप्ट पुरविणारा तिसरा, म्हणून तिला प्रस्तुत लेखात 'त्रयस्थ स्क्रिप्ट' असे म्हटले आहे. 'त्रयस्थ' या शब्दाला मराठीत तटस्थपणाची छटा आहे. ती मात्र येथे मुळीच अभिप्रेत नाही.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या प्रवेशप्रक्रियेच्या काळात प्रस्तुत लेखकास आलेला अनुभव येथे नोंदविणे उपयुक्त ठरेल. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दोन दिवसांत 'साइट बंद आहे' अशा तक्रारींचे दूरध्वनी कार्यालयात सतत येऊ लागले. सर्व्हर तपासला असता तो सुस्थितीत होता. प्रत्येक विद्यार्थ्याला पृष्ठ यशस्वीपणे पाठविल्याची नोंदही त्यात होती. विद्यार्थ्यांच्या पडद्यावर मात्र कोरे पान दिसत होते. शोध घेता असे आढळले की, पृष्ठाच्या शीर्षभागात अभ्यागतांची संख्या दाखविणाऱ्या एका विनामूल्य सेवेची स्क्रिप्ट पूर्वी कोणीतरी घातली होती. ती सेवा बंद पडली होती. तिच्या डोमेनचा पत्ता अद्याप नोंदलेला होता, परंतु त्या पत्त्यावर उत्तर देणारा सर्व्हर उरला नव्हता. ज्या आकड्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हते, त्या आकड्याची वाट पाहत प्रवेशअर्ज अडून राहिला होता. ती एक ओळ काढताच तक्रारी थांबल्या.

त्या वेळी हा केवळ विलंबाचा प्रश्न वाटला. पुढे ध्यानात आले की, त्या बंद सेवेचे डोमेन अन्य कोणी विकत घेतले असते, तर स्क्रिप्ट वेळेवर आली असती. फक्त ती निराळी असती, आणि अर्जातील जन्मतारीख, पत्ता, जातीचा प्रवर्ग, पालकांचे उत्पन्न हे सारे तिला वाचता आले असते. म्हणजे त्रयस्थ स्क्रिप्ट दोन प्रकारांनी अविश्वसनीय ठरते : ती येत नाही, किंवा ती बदलून येते. या दोन दोषांवरील उपाय भिन्न आहेत. तथापि दुसऱ्यावरचा उपाय योजण्यापूर्वी पहिल्याची सोय झालेली असणे आवश्यक असते, हे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

स्क्रिप्टला मिळणारे अधिकार

१९९५ साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्ट तयार केली. त्यानंतर लवकरच ब्राउझरमध्ये 'समान उगमा'चा नियम आला. एका संकेतस्थळाच्या पृष्ठातील स्क्रिप्टला दुसऱ्या संकेतस्थळाच्या पृष्ठातील मजकूर वाचता येऊ नये, असा या नियमाचा आशय आहे. बँकेचे पृष्ठ आणि खेळाचे पृष्ठ एकाच वेळी उघडे असूनही पहिले सुरक्षित राहते, ते या नियमामुळे. परंतु स्क्रिप्ट कोठून आली हे हा नियम पाहत नाही. ती कोणत्या पृष्ठात चालते आहे, एवढेच पाहतो. पृष्ठाच्या मालकाने स्वतःच दुसऱ्याच्या स्क्रिप्टचा पत्ता आपल्या पृष्ठात लिहिला, तर ती त्या पृष्ठाचीच मानली जाते. अर्जातील प्रत्येक रकाना वाचणे, मजकूर बदलणे, वाचकाला भलत्याच ठिकाणी नेणे आणि वाचलेली माहिती बाहेर पाठविणे, हे सर्व तिला शक्य असते. भिंती भक्कम आहेत. पण ज्याला आपण दारातून आत घेतले, त्याच्यासाठी घरात आतल्या खोल्यांना दारेच नाहीत, अशी ही रचना आहे.

शिवाय ती स्क्रिप्ट आणखी एखादी स्क्रिप्ट बोलावू शकते. जाहिरातींच्या व्यवहारात ही साखळी बरीच लांब जाते आणि तिच्या शेवटी कोण आहे, हे पृष्ठाच्या मालकाला ठाऊकही नसते.

न येणारी स्क्रिप्ट

ब्राउझर पृष्ठ वरून खाली वाचत जातो. वाटेत बाहेरील स्क्रिप्टचा उल्लेख आला आणि तिच्याबरोबर कोणतीही विशेष सूचना नसली, तर तो थांबतो, ती मागवितो, चालवितो आणि मगच पुढचे वाचतो. हे थांबणे अकारण नाही. जुन्या स्क्रिप्ट 'डॉक्युमेंट डॉट राइट' या आज्ञेने वाचल्या जाणाऱ्या पृष्ठातच मजकूर घालीत असत. त्यामुळे पुढे काय असेल, हे स्क्रिप्ट चालल्याशिवाय सांगता येत नसे. सर्व्हरने स्पष्ट नकार दिला तर ब्राउझर लगेच पुढे जातो. सर्व्हर मौन राहिला, तर मात्र ब्राउझर जोडणीची मुदत संपेपर्यंत वाट पाहतो, आणि ती मुदत वाचकाच्या सहनशक्तीपेक्षा मोठी असते. स्टीव्ह साउडर्स यांनी २०१० साली या धोक्याकडे लक्ष वेधले आणि एकाच बिंदूच्या अपयशाने सारी यंत्रणा कोसळण्याची अभियांत्रिकीतील जुनी संकल्पना पृष्ठाच्या दर्शनी बाजूला लागू करून दाखविली.

यावरील पहिला उपाय म्हणजे 'असिंक' अथवा 'डिफर' ही सूचना. 'असिंक' असलेली स्क्रिप्ट पृष्ठाचे वाचन चालू असताना समांतर मागविली जाते आणि येताक्षणी चालते. अनेक असल्यास त्यांचा क्रम राहत नाही. 'डिफर' असलेल्या स्क्रिप्ट पृष्ठ पूर्ण वाचून झाल्यावर, लिहिलेल्या क्रमाने चालतात. मोजणीसारख्या स्वतंत्र कामाला पहिली सूचना योग्य. एकमेकींवर अवलंबून असलेल्या स्क्रिप्टना दुसरी. मात्र 'डिफर' असलेल्या स्क्रिप्टपैकी एखादीचा सर्व्हर मौन राहिला, तर तिच्या मागील साऱ्या खोळंबतात. म्हणून स्वतःच्या स्क्रिप्टच्या रांगेत त्रयस्थ स्क्रिप्ट पुढे उभी करू नये.

एवढ्याने काम भागते, असा समज रूढ आहे. तो अपुरा आहे. 'असिंक' स्क्रिप्टही पृष्ठाची 'लोड' ही घटना लांबविते. अर्जाची तपासणी सुरू करणारी संहिता त्या घटनेला बांधलेली असेल, तर पृष्ठ दिसते, पण बटण दाबून काही होत नाही. कोऱ्या पानापेक्षा हे अधिक वाईट, कारण विद्यार्थी आपलेच काही चुकले असे समजून पुनःपुन्हा अर्ज भरतो. स्वतःची संहिता मजकूर वाचून पूर्ण झाल्याच्या घटनेला बांधावी, हे यावरील उत्तर आहे.

दुसरी अडचण अशी की, त्रयस्थ स्क्रिप्ट पुरवीत असलेली आज्ञा आपल्या पृष्ठात ठिकठिकाणी वापरलेली असते. स्क्रिप्ट आली नाही, तर ती आज्ञा अस्तित्वातच नसते आणि तिला हाक मारणारी आपली संहिता तेथेच मोडते. यावर रांगेची युक्ती प्रचलित आहे. पृष्ठात आधी एक रिकामी यादी ठेवावयाची; बाहेरील सेवेला द्यावयाचा प्रत्येक निरोप त्या यादीत लिहून ठेवावयाचा; स्क्रिप्ट आली की तिने यादी वाचावी; न आली, तर यादी तशीच पडून राहील आणि कोणाचे काही बिघडणार नाही. डिसेंबर २००९ मध्ये गुगल ॲनालिटिक्सने असमकालिक पद्धतीची जी संहिता दिली, ती याच धर्तीची होती. पाहुणा यायचा असला तरी घरातले जेवण त्याच्यासाठी थांबवू नये. त्याचे ताट वाढून झाकून ठेवावे, असा हा साधा व्यवहार आहे.

स्क्रिप्ट आली की नाही, हे ओळखणेही वाटते तितके सरळ नाही. स्क्रिप्ट मिळाली नाही तर ब्राउझर 'एरर' ही घटना कळवितो. पण सर्व्हर मौन असेपर्यंत काहीच कळवीत नाही, त्यामुळे स्वतःचे घड्याळ लावावे लागते. उलटपक्षी स्क्रिप्ट आली आणि चालता चालता आतच मोडली, तरी 'लोड' ही घटना घडतेच. म्हणून घटनेवर विसंबून न राहता, अपेक्षित आज्ञा खरोखर निर्माण झाली आहे काय, हे तपासावे. ठराविक मुदतीत ती न दिसल्यास पर्याय दाखवावा : नकाशाच्या जागी लिहिलेला पत्ता, प्रश्नोत्तरांच्या खिडकीच्या जागी कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक. खरे सांगावयाचे तर पुष्कळ वेळा हा पर्यायच अधिक उपयोगी असतो.

येथे चाचणीविषयी एक इशारा देणे आवश्यक आहे. अनेकजण संगणकातील 'होस्ट्स' फाइलमध्ये त्रयस्थ डोमेन स्वतःच्याच संगणकाकडे वळवितात आणि पृष्ठ उघडून समाधान मानतात. परंतु स्वतःचा संगणक ती जोडणी तत्क्षणी नाकारतो. ही नकाराची चाचणी झाली, मौनाची नव्हे. मौनाची चाचणी घेण्यासाठी निरोप निमूटपणे गिळून टाकणारा पत्ताच हवा. वर सांगितलेल्या महाविद्यालयाचे पृष्ठ नकाराच्या चाचणीत सहज उत्तीर्ण झाले असते.

बदलून येणारी स्क्रिप्ट

बदल नेहमी दुष्ट हेतूनेच होतो असे नाही. ७ फेब्रुवारी २०१३ रोजी फेसबुकच्या जोडणी-सेवेत दोष निर्माण झाला आणि ती सेवा वापरणाऱ्या अनेक मोठ्या वृत्तसंस्थांच्या संकेतस्थळांवरील वाचक थोडा काळ फेसबुकच्या त्रुटी-पृष्ठावर नेऊन सोडले गेले. त्या वृत्तसंस्थांच्या सर्व्हरवर त्या दिवशी काहीही बिघडलेले नव्हते.

११ फेब्रुवारी २०१८ रोजी घडलेली घटना अधिक गंभीर होती. टेक्स्टहेल्प या कंपनीची 'ब्राउझअलाउड' ही स्क्रिप्ट पृष्ठावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवीत असे आणि दृष्टिदोष असलेल्यांच्या सोयीसाठी अनेक शासकीय संकेतस्थळांनी ती स्वीकारली होती. कोणीतरी तिच्यात आभासी चलन निर्माण करणारी संहिता मिसळली आणि ४००० हून अधिक संकेतस्थळांच्या वाचकांचे संगणक परक्याच्या लाभासाठी राबू लागले. स्कॉट हेल्म या सुरक्षातज्ज्ञाने ही बाब उजेडात आणली. बाधित संकेतस्थळांत ब्रिटनच्या माहिती आयुक्तांचे, म्हणजे इतरांच्या हलगर्जीपणाबद्दल दंड करणाऱ्या कार्यालयाचेही संकेतस्थळ होते.

या प्रकारावर जून २०१६ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने प्रमाणित केलेला उपाय उपलब्ध होता. स्क्रिप्टच्या मजकुरावरून गणिती पद्धतीने एक ठसा काढता येतो. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. हा ठसा पृष्ठात 'इंटिग्रिटी' या नावाने लिहून ठेवला की, ब्राउझर आलेल्या स्क्रिप्टचा ठसा काढून ताडून पाहतो आणि न जुळल्यास ती चालवीत नाही. त्यासाठी स्क्रिप्ट देणाऱ्या सर्व्हरने परक्या पृष्ठाला ती वाचण्याची अनुमती दिलेली असावी लागते.

हा उपाय उत्तम आहे. परंतु त्याचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. पुरवठादाराने प्रामाणिकपणे केलेली दुरुस्तीही ठशाच्या दृष्टीने बदलच असते. तीही अडविली जाते. म्हणजे ठसा बदलून आलेल्या स्क्रिप्टला न आलेली स्क्रिप्ट बनवितो. दुसऱ्या दोषाचे तो पहिल्यात रूपांतर करतो. ज्या पृष्ठाला त्या स्क्रिप्टवाचून चालत नाही, ते पृष्ठ ठसा लावल्याने सुरक्षित होईल, पण बंदही पडेल; आणि मग घाईने ठसाच काढून टाकला जाईल. पहिल्या दोषाची सोय आधी करावी, असे प्रारंभी म्हटले ते याच कारणास्तव.

शिवाय काही स्क्रिप्टना ठसा लावताच येत नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण पॉलिफिल डॉट आयओ हे होय. अँड्र्यू बेट्स यांनी फायनान्शियल टाइम्स या वृत्तपत्रात असताना सुरू केलेली ही सेवा जुन्या ब्राउझरमध्ये नसलेल्या सुविधांची भरपाई करीत असे. वाचकाचा ब्राउझर कोणता, हे पाहून त्याला आवश्यक तेवढीच संहिता ती पाठवी. एकाच पत्त्यावरून प्रत्येकाला वेगळा मजकूर मिळत असल्यामुळे एकच ठसा लिहून ठेवणे अशक्य होते. जे तिचे कौशल्य होते, तेच तिच्या तपासणीच्या आड आले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये हे डोमेन फनल नावाच्या कंपनीच्या हाती गेले. डोमेन कधीही आपल्या मालकीचे नव्हते असे सांगून बेट्स यांनी त्याच महिन्यात सर्वांना ती स्क्रिप्ट काढून टाकण्याचा सल्ला दिला. नव्या ब्राउझरना तिची गरजही उरलेली नाही, असेही त्यांनी स्पष्ट केले. फार थोड्यांनी ते ऐकले. २५ जून २०२४ रोजी सॅनसेक या डच कंपनीने जाहीर केले की, ही सेवा आता एक लाखाहून अधिक संकेतस्थळांच्या मोबाइलवरील वाचकांना सट्ट्याच्या संकेतस्थळाकडे वळवीत आहे. मिसळलेली संहिता मोठी चतुर होती. ती ठराविक वेळीच जागी होई, संकेतस्थळाच्या व्यवस्थापकाला पाहताच गप्प बसे आणि मोजणीची सेवा आढळल्यास आपले काम लांबणीवर टाकी. मालकाने पृष्ठ उघडून पाहिले तर सर्व ठीक. तक्रार करणारा वाचकच खोटा ठरे. क्लाउडफ्लेअर कंपनीने आपल्यामार्फत जाणाऱ्या पृष्ठांतील ते दुवे सुरक्षित प्रतीकडे वळविण्यास सुरुवात केली आणि डोमेनच्या नोंदणीदाराने ते स्थगित केले. २९ मे २०२५ रोजी अमेरिकेच्या अर्थखात्याने फनलवर निर्बंध घातले. त्यामागील प्रमुख कारण गुंतवणुकीच्या ऑनलाइन फसवणुकीला साहाय्य हे असले, तरी या प्रकरणाचाही उल्लेख त्यात होता.

या घटनेत सर्व्हर कोणी फोडला नाही, परवलीचा शब्द चोरला नाही. डोमेनची रीतसर विक्री झाली. पृष्ठात आपण जेव्हा एखादा पत्ता लिहितो, तेव्हा विश्वास त्या वेळच्या माणसांवर ठेवलेला असतो. ब्राउझर मात्र तो पत्त्यावर ठेवतो, आणि पत्ता विकला जातो.

अशा स्क्रिप्टसाठी सरळ मार्ग म्हणजे तिची तपासलेली प्रत स्वतःच्या सर्व्हरवर ठेवणे. याविरुद्ध पूर्वी एक सबळ युक्तिवाद केला जाई : लोकप्रिय स्क्रिप्ट सामायिक सर्व्हरवरून घेतली, तर वाचकाच्या ब्राउझरमध्ये ती अन्य संकेतस्थळामुळे आधीच साठविलेली असते, त्यामुळे वेळ वाचतो. हा लाभ आता संपला आहे. गोपनीयतेच्या कारणास्तव सफारीने २०१३ पासून, क्रोमने २०२० पासून आणि फायरफॉक्सने २०२१ पासून प्रत्येक संकेतस्थळाचा साठा वेगळा ठेवण्यास सुरुवात केली. जुनी पाठ्यपुस्तके आणि त्यावरून शिकविणारे आपण शिक्षक अद्याप तोच युक्तिवाद सांगतो, हे खेदाने नमूद करावेसे वाटते.

तथापि स्वतःच्या सर्व्हरवर प्रत ठेवल्याने जबाबदारी नाहीशी होत नाही, ती आपल्याकडे येते. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ब्रिटिश एअरवेजच्या ग्राहकांची कार्ड-माहिती चोरीस गेली, तेव्हा बदललेली स्क्रिप्ट कंपनीच्या स्वतःच्याच संकेतस्थळावर होती. मॉडर्नायझर या प्रचलित स्क्रिप्टच्या शेवटी चोरांनी केवळ २२ ओळी जोडल्या होत्या. २०२० मध्ये कंपनीला दोन कोटी पौंड दंड झाला.

वेगळे घर, वेगळे दार

काही स्क्रिप्ट सतत बदलणे अपरिहार्य असते. जाहिरात हे त्याचे ठळक उदाहरण. त्यांना पृष्ठात थेट स्थान न देता आयफ्रेममध्ये, म्हणजे पृष्ठातील वेगळ्या पृष्ठात ठेवावे आणि त्यास 'सँडबॉक्स'चे बंधन घालावे. तेथे स्क्रिप्ट चालविण्याची परवानगी देता येते, पण बाहेरच्या पृष्ठातील रकाने तिला दिसत नाहीत. मात्र आयफ्रेममधील मजकूर आपल्याच उगमाचा असेल आणि 'स्क्रिप्टला अनुमती' व 'समान उगमाला अनुमती' या दोन्ही सवलती एकत्र दिल्या, तर आतील स्क्रिप्ट स्वतःचे बंधन स्वतःच काढू शकते. दोन पृष्ठांत निरोपांची देवघेव करावयाची असल्यास निरोप कोणत्या उगमाकडून आला, हे प्रत्येक वेळी तपासावे.

कोणत्या डोमेनवरील स्क्रिप्ट चालवावी, याची यादी ब्राउझरला देण्याची 'मजकूर-सुरक्षा धोरण' ही सोयही आहे. पॉलिफिलसारख्या प्रसंगी तिचा उपयोग मर्यादित, कारण बदललेले डोमेन यादीत आधीपासून सन्मानाने बसलेले असते. तिचा खरा लाभ दुसरीकडे आहे : माहिती कोणत्या डोमेनकडे पाठविता येईल यावरही ती मर्यादा घालते, आणि 'केवळ नोंद' या रीतीने चालविल्यास आपल्या पृष्ठात प्रत्यक्षात कोण कोण येऊन जाते, याची मोजदाद मिळते. ही मोजदाद प्रथमच पाहणारा व्यवस्थापक बहुधा चकित होतो.

दायित्वाचा प्रश्न

स्क्रिप्ट दुसऱ्याची असेल तर हानीचे उत्तरदायित्व कोणाचे? टिकेटमास्टर प्रकरणात या प्रश्नाचा निर्णय झाला. या कंपनीच्या ब्रिटनमधील संकेतस्थळावर इन्बेंटा कंपनीची प्रश्नोत्तरांची स्क्रिप्ट होती, आणि ती पैसे भरण्याच्या पृष्ठावरही घातलेली होती. २०१८ च्या प्रारंभी तीत चोरट्यांनी बदल केला. मोन्झो या बँकेला एप्रिलमध्येच ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारींत टिकेटमास्टर हे समान सूत्र दिसले आणि तिने कंपनीला कळविले. तरीही पैसे भरण्याच्या पृष्ठावरील रहदारी तपासण्यास नऊ आठवडे गेले. युरोपातील ९४ लाख ग्राहकांना संभाव्य झळ पोहोचली. ती स्क्रिप्ट पैसे भरण्याच्या पृष्ठावर वापरली जात असल्याचे आपल्याला ठाऊक असते तर आपण तसे करू नये असे सांगितले असते, अशी इन्बेंटाची भूमिका होती. नोव्हेंबर २०२० मध्ये माहिती आयुक्तांनी टिकेटमास्टरला साडेबारा लाख पौंड दंड केला. प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रकरणातील मूळ प्रश्न तांत्रिक नव्हताच : पैसे भरणाऱ्या माणसाशेजारी प्रश्नोत्तरांची खिडकी कशासाठी हवी होती, हे कोणी विचारले नव्हते.

कार्ड-व्यवहारांच्या पीसीआय मानकाच्या चौथ्या आवृत्तीने पैसे भरण्याच्या पृष्ठावरील प्रत्येक स्क्रिप्टची यादी, तिचे प्रयोजन आणि ती अबाधित असल्याची खात्री या गोष्टी ३१ मार्च २०२५ नंतर बंधनकारक केल्या आहेत. भारतात रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्यांना ग्राहकांचे कार्ड क्रमांक साठविता येत नाहीत. हे स्वागतार्ह असले तरी पृष्ठातील चोर स्क्रिप्ट साठविलेला क्रमांक शोधत नाही. ती टंकित होत असलेला क्रमांक वाचते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ यानेही, प्रक्रिया दुसऱ्याकडून करवून घेतली तरी जबाबदारी मूळ संस्थेवरच ठेवली असून, सुरक्षेच्या त्रुटीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. शुल्क भरण्यासाठी विद्यार्थ्याला बँकेच्या वा शुल्कसेवेच्या स्वतंत्र पृष्ठावर पाठविणे आणि अर्जाच्या पृष्ठावर एकही त्रयस्थ स्क्रिप्ट न ठेवणे, ही लहान संस्थांसाठी सर्वांत स्वस्त व्यवस्था आहे.

प्रारंभी उल्लेखिलेल्या महाविद्यालयात पुढे अशी यादी करण्यात आली. प्रत्येक स्क्रिप्टपुढे दोन रकाने होते : ती कोणी घातली आणि ती आता कोणाला हवी आहे. एकूण नऊ स्क्रिप्ट निघाल्या. चारांपुढे विभागप्रमुखांनी आपली नावे लिहिली. उरलेल्या पाचांपुढचे रकाने महिनाभर रिकामेच राहिले, म्हणून त्या काढल्या. त्यांची चौकशी करण्यासाठी आजवर कोणी कार्यालयात आलेले नाही.